स्त्रीच्या कुशीचें आरोग्य आणि आपलें शिवार

(ज्युबिली महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं धर्मग्रामांतील स्त्रीपुरुषांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेचा विषय स्त्रियांच्या आरोग्याचा असून त्यावर बोलण्यास एक धर्मगुरु उभा राहिला आहे, हें पाहून तुमच्यांपैकीं कित्येकांस, विशेषतः मागच्या रांगेंत बसलेल्या पुरुषमंडळींस, कांहींसें अवघडल्यासारखें झालें असेल. परंतु ज्या विषयाची लाज शुभवर्तमानकारांस वाटली नाहीं, त्याची लाज आपण कां बाळगावी? संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत एका बाईची हकीकत सांगतो. तिला १२ वर्षें रक्तस्राव होत होता. तिनें पुष्कळ वैद्य केले, त्यांच्या हातून पुष्कळ सोसलें, जवळ होतें नव्हतें तें सारें खर्चिलें, आणि तरीही गुण न येतां दुखणें वाढतच गेलें. संत लूक हीच हकीकत सांगतो. पण परंपरेप्रमाणें तो स्वतः वैद्य, म्हणून वैद्यमंडळींवरील ठपका त्यानें बराच सौम्य केला आहे! असो. नेवासें तालुक्यांतील कोणत्याही वस्तीवर आज ही हकीकत वाचून दाखविली, तर ती दोन हजार वर्षांपूर्वींची आहे असें ऐकणाऱ्या बायकांना वाटणार नाहीं.

मला आज एवढेंच सांगावयाचें आहे, कीं स्त्रीच्या कुशीचें दुखणें अंगांत दिसत असलें तरी त्याचें मूळ पुष्कळदां अंगाबाहेर असतें. तें पाण्यांत असतें, धुरांत असतें, डोक्यावरच्या ओझ्यांत असतें, आडोसा नसलेल्या माळावर असतें. मूळ बाहेर ठेवून आंतला अवयव कापून टाकला, तर त्याला उपचार म्हणतां येत नाहीं.

इटली देशांत मोदेना येथें बर्नार्दिनो रामाझिनी नांवाचा एक थोर वैद्य होऊन गेला. त्यानें १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्यानें एका नव्या प्रश्नाची भर घातली. तो प्रश्न हा, कीं तुझा धंदा कोणता? मठांत राहणाऱ्या धर्मभगिनींत स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षां अधिक दिसतो, हेंही त्यानें टिपून ठेवलें होतें. जगण्याच्या रीतीची खूण शरीरावर उमटते, हें त्यानें तीनशें वर्षांपूर्वीं ओळखलें. आपल्याकडील दवाखान्यांत मात्र बाईला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तूं काय काम करतेस, पाणी कोठून आणतेस, बहिर्दिशेस कोठें जातेस, बाळंतपणानंतर कितव्या दिवशीं डोक्यावर ओझें घेतलेंस, हे प्रश्न विचारण्यास फार तर पांच मिनिटें लागतील.

आणि बाई आपण होऊन बोलत नाहीं. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्या दांपत्यानें १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या इंग्लंडांतील वैद्यकीय पत्रांत गडचिरोलीकडील दोन खेड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांत १०० पैकीं ९२ जणींस एक ना एक स्त्रीरोग आढळला. आणि अशी तपासणी पूर्वीं कधीं तरी झालेल्या स्त्रिया १०० पैकीं अवघ्या ८ होत्या. ह्यांतील जवळजवळ निम्म्या स्त्रियांनीं आपणांस कांहींच तक्रार नाहीं असें सांगितलें होतें! बाईच्या जातीला हें असायचेंच, असें आईनें मुलीला सांगितलें, मुलीनें नातीला सांगितलें, आणि तीन पिढ्या मुकाट्यानें सोसत राहिल्या.

आतां आपल्या शिवाराकडे वळूं. आपल्या पणज्यांच्या काळीं हा ज्वारी-बाजरीचा आणि दुष्काळाचा मुलूख होता. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांना पाणी खेळूं लागलें. पुढें मुळा नदीवर धरण झालें. १९७६ सालीं पैठणचा नाथसागर पुरा होऊन त्याचें पाणी थेट प्रवरासंगमापर्यंत मागें सरकलें. पाण्यामागोमाग ऊंस आला, आणि आपल्या तालुक्यांत सोनई व भेंडें येथें साखर कारखाने उभे राहिले. हरेगांवीं मतमाउलीच्या यात्रेस जातांना रस्त्याच्या दोहों बाजूंस आपणांस ऊंसच ऊंस दिसतो. ह्या उंसानें आपल्यांतील कित्येकांचीं घरें उभीं केलीं, मुलांना शाळेंत पाठविलें. आपल्या महोत्सवाचा हा मंडपही कांहीं अंशीं उंसाच्याच पैशावर उभा आहे, हें मी विसरलेलों नाहीं. म्हणूनच हा विषय मीं येथें काढला.

दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतून, आपल्याच पाथर्डी-शेवगांवाकडून, ऊंसतोडीच्या टोळ्या उतरूं लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाच्या जोडीला हत्याराचें नांव पडलें आहे, हें लक्षांत घ्या. ‘उचल’ म्हणून मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते पांच-सहा महिन्यांत अंगमेहनतीनें फेडावयाचे असतात. एक दिवस काम चुकलें तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड ५०० रुपये किंवा त्याहूनही अधिक पडतो. बाई पहांटे तीन-चारला उठते, कोपीसमोर चूल पेटवून भाकरी थापते, उजाडण्यापूर्वीं फडांत जाते, दिवसभर पाल्यांत वांकून तोडते, मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावर घेऊन गाडी-ट्रकवर चढविते. एका मोळीचें वजन तीस-चाळीस किलो सहज भरतें. दिवसांतून अशा किती मोळ्या होतात, हें तुम्हीच जाणतां. रात्रीं ती कोपींत परत येते. तेथें न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं, दिवा नाहीं, आणि पाणी कालव्याचें किंवा कोणीं घेऊं दिलें तर विहिरीचें.

ह्या जगण्याचा कुशीवर परिणाम कसा होतो, हें समजून घेण्यास वैद्य व्हावें लागत नाहीं. आडोसा नाहीं म्हणून बाई दिवसभर लघवी कोंडून धरते. लघवीस जावें लागूं नये म्हणून पाणीच पीत नाहीं. उन्हांत घाम जातो, लघवी घट्ट व थोडी होते, तिच्या मार्गांत जंतु वाढतात. पाळीचा कपडा गढूळ पाण्यांत धुवावा लागतो आणि लोकांच्या नजरेस पडूं नये म्हणून ओलाच चटईखालीं दडपावा लागतो. त्याला ऊन लागत नाहीं. मग जळजळ, खाज आणि अंगावरून पांढरें जाणें मागें लागतें. तें वेळीं बरें झालें नाहीं, तर संसर्ग आंत चढतो, ओटीपोट कायमचें दुखूं लागतें. बाळंतपणानंतर कुशीला आधार देणारे स्नायु व बंध सैल झालेले असतात. ते आवळून येण्यास कांहीं आठवडे लागतात. तेवढ्यांतच डोक्यावर मोळी आली, तर ते बंध पुनः ताणले जातात आणि कांहीं वर्षांनीं अंग बाहेर येतें. गरोदर बाई भर उन्हांत राबली, तर दिवस भरण्यापूर्वीं मोकळी होण्याचा धोका वाढतो. ह्यांत नशीब नाहीं, पापाचें फळ नाहीं, आणि कोणाची नजर लागलेली नाहीं!

आणि ह्यावर उपाय काय सांपडला? दोन वर्षांपूर्वीं माघांत कालव्याच्या कांठीं उतरलेल्या एका टोळींतील बाई कमरेच्या दुखण्यावर गोळी मागावयास आमच्या धर्मभगिनींकडे आली. वय विचारलें तेव्हां म्हणाली, “असेन तीस-बत्तीस.” सिस्टरांनीं पाळीबद्दल विचारलें, तर अगदीं सहज म्हणाली, “पिशवी काढली, सिस्टर. आतां खाडा पडत न्हाई.” सिस्टरांनीं हें मला सांगितलें, तेव्हां दुखण्यापेक्षां त्या सहजपणाचेंच मला अधिक वाईट वाटलें. ‘पिशवी’ हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडीं रुळला आहे. पिशवी रिकामी झाली कीं खुंटीला टांगावी, फाटली तर फेंकून द्यावी. जपमाळेच्या पांच दशकांत आपण पन्नास वेळां देवमातेच्या उदराचें नांव घेतों, आणि उठून बाहेर आल्यावर शेजारणीच्या उदराला पिशवी म्हणतों.

ही एकट्या बाईची गोष्ट नव्हे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील हा प्रकार वर्तमानपत्रांतून उजेडांत आला. त्याच वर्षीं जून महिन्यांत विधानपरिषदेंत आरोग्यमंत्र्यांनीं सांगितलें, कीं मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यांतील ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. त्या चौकशींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सहांत एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत साऱ्या देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेंच प्रमाण शंभरांत सुमारें तीन होतें. एकाच जिल्ह्यांतील, एकाच धंद्यांतील बायकांच्या कुशी इतरांच्या पांचपट नासक्या कां निघाव्या? रामाझिनीचा प्रश्न येथें विचारला असता, तर उत्तर फडांत सांपडलें असतें.

डॉक्टरमंडळींवर सरसकट आरोप करणें मला मान्य नाहीं. कर्करोग, मोठ्या गांठी, औषधानें न थांबणारा रक्तस्राव ह्यांसाठीं ही शस्त्रक्रिया कधीं कधीं अपरिहार्य असते, आणि तिनें जीव वांचलेल्या स्त्रिया ह्या सभेंतही बसल्या असतील. परंतु जें दुखणें स्वच्छ पाण्यानें, विश्रांतीनें आणि चार दिवसांच्या औषधानें बरें झालें असतें, त्यासाठीं पंचविशी-तिशीच्या बाईचें गर्भाशय काढणें हा अन्याय आहे. पुष्कळदां ‘कॅन्सर होईल’ ही भीति घातलेली असते. कर्करोगाची भीति निराधार आहे असें नव्हे; पण त्यासाठीं तपासणी आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहकार्यानें उस्मानाबाद जिल्ह्यांत (आतांच्या धाराशिवांत) १,३१,००० हून अधिक स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका विषाणूमुळें होतो; त्या विषाणूची तपासणी आयुष्यांत एकदां जरी झाली, तरी ह्या कर्करोगानें होणारे मृत्यु निम्म्यावर येतात, असें त्यांत दिसून आलें. आपल्याच शेजारच्या खेडवळ बायकांनीं जगाला शिकविलेला हा धडा आपण मात्र वाचला नाहीं.

शस्त्रक्रियेनें दुखणें संपतें असेंही नाहीं. अंडाशयेंही काढलीं, तर ऐन तिशींत म्हातारपण येतें. अंगाच्या लाह्या होतात, हाडें ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. अंडाशयें राखलीं तरी पाळी जाण्यानंतरचे विकार पुष्कळदां अकालीं सुरू होतात. आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोठून येतो? पुष्कळदां मुकादमाच्या उचलींतून. म्हणजे कर्ज वाढलें, हाडें कमजोर झालीं, आणि मोळी तेवढ्याच वजनाची राहिली. मार्कच्या शुभवर्तमानांतील त्या बाईनेंही होतें तें सारें असेंच खर्चिलें होतें.

आतांपर्यंत परगांवच्या बायकांबद्दल बोललों, म्हणून आपल्या घरच्या बायकांनीं सुस्कारा सोडूं नये. कालव्याच्या पाण्यानें आपलीं कित्येक काळीं रानें चिबड झालीं, क्षार वर आले, विहिरी मचूळ झाल्या. बांगलादेशाच्या समुद्रकांठीं खारें पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तदाबाचा विकार अधिक आढळला आहे; तेव्हां ज्या घरांत गरोदर सून आहे, त्या घरानें विहिरीचें पाणी तपासून घ्यावें. चुलीच्या धुरांत दिवस काढणाऱ्या आईचें मूल कमी वजनाचें जन्मतें. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायु सुटला, त्या रात्रीं ज्या स्त्रिया गरोदर होत्या त्यांतील पुष्कळांचे गर्भ टिकले नाहींत. हवेंतील विष गर्भापर्यंत पोंचतें, हें त्या रात्रीं साऱ्या देशानें पाहिलें. आपल्या रानांत उडविलीं जाणारीं औषधें त्या वायूइतकीं जहाल नाहींत, तथापि गरोदर अगर अंगावर पाजणाऱ्या बाईनें औषध कालवूं नये, आणि फवारणीचे कपडे तिच्याकडून धुवून घेऊं नयेत. हें सासवांना मी विशेष आग्रहानें सांगतों.

आपण ज्युबिली साजरी करीत आहों. हा शब्द कोठून आला? लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत देवानें इस्राएलाला पन्नासावें वर्ष पवित्र मानण्यास सांगितलें. त्या वर्षीं जमिनीला विसांवा द्यावयाचा, पेरणी करावयाची नाहीं. आणि जो कर्जापायीं दुसऱ्याच्या घरीं राबतो आहे, त्याला मोकळें करून आपल्या कुटुंबांत परत पाठवावयाचें. जमिनीचा विसांवा आणि माणसाची सुटका ह्या दोन गोष्टी देवानें एकाच अध्यायांत सांगितल्या आहेत. आपण पताका लावल्या, बँड आणला, जेवणावळ घातली. हें सर्व योग्यच आहे. परंतु उचलीनें बांधलेली जी बाई आपल्या बांधावर उतरली आहे, तिच्याकरितां ह्या वर्षाचा कांहीं अर्थ आहे कीं नाहीं? १८९१ सालीं तेराव्या लिओ पोपमहाशयांनीं आपल्या परिपत्रांत बजावलें, कीं कामकऱ्याकडून त्याच्या शक्तीबाहेरचें काम घेऊं नये, आणि जें काम धट्ट्याकट्ट्या पुरुषास झेपतें तें स्त्रीवर वा मुलावर लादूं नये. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालीं पिण्याच्या शुद्ध पाण्याला मनुष्यमात्राचा मूलभूत हक्क म्हटलें. पाणी म्हणजे दान नव्हे.

आतां कोणी म्हणेल, “फादर, टोळी कारखान्याची, मुकादम कारखान्याचा, आमचा संबंध काय?” शिवाय ऊंस वेळेवर तोडून हवा असेल तर टोळीला खुशाली द्यावी लागते, ही तुमची तक्रारही मीं ऐकली आहे, आणि ती खोटी नाहीं. कारखान्याची व शासनाची जबाबदारी मोठी आहेच. ऊंसतोड कामगारांकरितां गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवें कल्याण महामंडळही स्थापन झालें आहे, त्याच्याकडे मागणी झालीच पाहिजे. परंतु ती बाई आपल्या विहिरीपासून दोनशें पावलांवर राहते, आणि पंपाची कळ आपल्या हातांत आहे. तेवढ्यापुरता तरी संबंध आहे. आणि आपल्यांतीलही कांहीं घरें अजून कोयता घेऊन जातात, हें आपण कां लपवावें?

बायांनो, तुम्हांपैकीं कोणासही उद्यां ‘गर्भाशय काढा’ असें सांगितलें, तर घाबरून त्याच दिवशीं अंगठा देऊं नका. रोगाचें नांव काय, औषध देऊन पाहिलें काय, अंडाशयेंही काढणार काय, हें विचारा. आणि सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टरचें मत घ्या. विनाकारण होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना आळा घालणारे नियम सर्व राज्यांनीं अमलांत आणावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिलेला आहे. तेव्हां विचारणें हा उद्धटपणा नव्हे. एकटीला जाण्याचा संकोच वाटला, तर सिस्टर बरोबर येतील. नवऱ्यानें यावें हें अधिक चांगलें.

पुरुषमंडळींस माझें मागणें थोडक्यांत आहे. टोळ्या येण्यापूर्वीं कोपी पडतात त्या जागेजवळ झांकणाची एक टाकी ठेवावी व तींत पिण्याचें पाणी सोडावें. बायांसाठीं दोन शौचकूप व एक न्हाणी आडोसा करून बांधावी. शोषखड्डा विहिरीपासून लांब घ्यावा. कपडे उन्हांत वाळतील अशी एक दोरी त्या आडोशाच्या आंतच बांधावी, म्हणजे दडवून ठेवण्याची पाळी येणार नाहीं. आणि बाळंतीण अगर आजारी बाई फडांत दिसली, तर मुकादमाला बाजूस घेऊन खाडा न लावण्याविषयीं सांगावें. फडाच्या धन्याचा शब्द तो सहसा मोडत नाहीं.

गवंडीकाम जाणणारे आपल्यांतील दोघेजण मजुरी न घेतां काम करण्यास तयार आहेत, आणि जुन्या शाळेच्या छपराचे पत्रे मिशनच्या कोठींत पडून आहेत. ज्यांच्या विहिरी कालव्यालगत आहेत त्यांनीं सभा संपल्यावर, जेवणास बसण्यापूर्वीं, मजजवळ नांवें द्यावींत.